काळजी करणं आणि काळजी घेणं : रोजच्या चिंतेत प्रार्थना कशी करावी

मराठीत काळजी करतातही आणि घेतातही. वडिलांच्या शुगरची काळजी करणारा मुलगा रात्री एक वाजता अंथरुणात मोबाइलवर 'शुगर ३०० झाली तर काय होतं' हे शोधत असतो. काळजी घेणारा मुलगा सकाळी त्यांना उपाशीपोटी लॅबमध्ये घेऊन जातो. जीव दोघांचाही तितकाच तुटतो. पहिल्याच्या हाती मात्र काही लागत नाही, आणि सकाळी त्याच्या अंगात लॅबपर्यंत जायचं त्राणही उरलेलं नसतं.

बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातलं वचन (५:७) मराठीत वाचताना हा फरक आपोआप समोर येतो: 'त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो.' करायची ती काळजी त्याच्यावर टाकायची, कारण घ्यायची ती काळजी तो आधीपासून घेतच आहे. इथे 'टाकणे' यासाठी जो ग्रीक शब्द आहे, तो नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, आणखी एकदाच येतो. लूक १९:३५ मध्ये येशूचे शिष्य आपली वस्त्रं शिंगरावर टाकतात, तिथे. खांद्यावरचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर जातं, इतकी ती साधी क्रिया आहे. शिवाय सहावं आणि सातवं वचन मुळात मिळून एकच वाक्य आहे: देवाच्या हाताखाली लीन व्हा, आपली चिंता त्याच्यावर टाकून. म्हणजे चिंता टाकणं ही लीनतेची गोष्ट झाली. 'हे सगळं मीच सांभाळणार' हा हट्ट सुटला की ओझं हातातून निघतं.

हे रोज प्रत्यक्षात कसं करायचं, ते पुढे सांगितलं आहे. लागतं फार थोडं: एक शंभर पानी वही, एक पेन, पवित्र शास्त्र आणि दिवसातली १५ मिनिटं.

आधी चिंता कागदावर उतरवा

चिंता डोक्यात असते तोवर तिला आकार नसतो. 'घराचं कसं होणार' हे वाक्य घ्या. त्याची प्रार्थना होऊ शकत नाही, कारण त्यात मागायचं काय हेच ठरलेलं नाही. तेच वहीत असं लिहा: '५ तारखेला २२,००० रुपयांचा हप्ता आहे. खात्यात १४,००० आहेत. यांचा पगार या महिन्यात १० तारखेला होणार आहे.' आता चिंता आठ हजारांची आणि पाच दिवसांची झाली. ती लहान झाली असं नव्हे, पण तिला कडा आल्या.

यहूदाचा राजा हिज्कीया याने हेच केलं होतं. अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र आलं, तेव्हा त्याने ते वाचलं, परमेश्वराच्या मंदिरात नेलं आणि परमेश्वरापुढे पसरलं (२ राजे १९:१४). पत्रात काय आहे हे देवाला ठाऊक नव्हतं म्हणून त्याने ते उघडलं नाही. आपण नेमकं कशाला घाबरलो आहोत हे त्याने झाकून ठेवलं नाही, इतकंच. तुमच्याकडे बँकेचा मेसेज असेल, सोनोग्राफीचा रिपोर्ट असेल, शाळेची फी भरायची चिठ्ठी असेल, तर प्रार्थनेला बसताना तो कागद खरोखर समोर ठेवा. फाइलमध्ये कोंबलेला कागद दिवसभर मनात सळसळत राहतो.

पानाच्या मधोमध रेघ मारा

डावीकडे 'करायची', उजवीकडे 'घ्यायची' असं लिहा. हप्त्याचंच उदाहरण पुढे नेऊ.

डावीकडे येईल ते हे: कंपनी बंद पडली तर? सासरी कळलं तर काय म्हणतील? मुलीचं कॉलेज सुटेल का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आज तुमच्या हातात नाही.

उजवीकडे येईल ते हे: उद्या ११ वाजता बँकेत जाऊन हप्त्याची तारीख पुढे ढकलता येते का हे विचारणं. भिशीचे पैसे कधी मिळणार ते पाहणं. नवऱ्याला खात्यातला खरा आकडा सांगणं. प्रत्येक ओळीत क्रियापद हवं आणि जमलं तर वेळही. 'पैशांचं बघणं' हे उजव्या बाजूचं वाक्यच नव्हे, ते वेश बदलून आलेलं डावीकडचं वाक्य आहे.

कधी कधी उजवी बाजू कोरीच राहते. ऑपरेशन झालं आहे, बायोप्सीचा रिपोर्ट आठ दिवसांनी येणार आहे, आता करण्यासारखं काही नाही. तेव्हा उजवीकडे 'वाट पाहणं' असं लिहा, कारण तेही एक काम आहे. त्याखाली त्या आठ दिवसांत जेवण, झोप आणि सोबत यांची काय सोय करायची ते लिहा.

चिंता करू नका म्हणजे कशाचीच फिकीर धरू नका, असा अर्थ काढण्याची घाई नको. प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, चिंता करू नका असं लिहिलं, आणि करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात (११:२८) सर्व मंडळ्यांची चिंता आपल्याला रोज असते असंही लिहिलं. मूळ शब्द त्याच घराण्यातला आहे. माणसांसाठी जीव लावणं ही चूक नाही. उद्या आपल्या मुठीत असल्यासारखं आज वागणं हे जड होतं.

प्रार्थनेचे चार भाग

फिलिप्पैकरांस ४:६ हे वचन बहुतेकांना पाठ असतं: 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, तर सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा.' पाठ असल्यामुळेच त्यातले चार वेगळे शब्द नजरेतून सुटतात. प्रार्थना, विनंती, आभार, मागणी. या चार शब्दांचा क्रम धरून बसलं, तर प्रार्थना भरकटत नाही.

पहिली ३ मिनिटं प्रार्थनेची, म्हणजे नुसतं देवाकडे तोंड करण्याची. अडचण अजून काढायचीच नाही. प्रभू येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' ही मागणी चौथी येते. त्याआधी पित्याचं नाव, त्याचं राज्य आणि त्याची इच्छा येते. अडचणीपासून सुरुवात केली की प्रार्थनाभर तीच मधोमध बसून राहते. म्हणून एखादं स्तोत्र हळू आवाजात वाचा. २३, २७, ४६, १२१ यांपैकी कोणतंही चालेल. आठवडाभर एकच ठेवा, रोज नवं शोधू नका.

मग ५ मिनिटं विनंती. इथे मन मोकळं करायचं. सभ्य भाषेची गरज नाही. स्तोत्र १३ मध्ये अवघी सहा वचनं आहेत आणि पहिल्या दोनांतच 'कोठवर' हा प्रश्न चारदा विचारलेला आहे. कोठवर तू मला विसरणार, असं देवाला तोंडावर विचारणारं ते स्तोत्र शास्त्रात ठेवलेलं आहे, याचा अर्थ तसं विचारायला मुभा आहे. 'पित्या, मला भीती वाटते. मला लाज वाटते. यांच्यावर राग येतो, आणि राग येतो म्हणून अपराधीही वाटतं.' डावीकडची प्रत्येक ओळ एकदा वाचायची, एका वाक्यात बोलायची, आणि पुढे जायचं. एकाच ओळीवर घोटाळत राहिलात, तर ती विनंती राहत नाही, डोळे मिटून केलेली चिंता होते.

नंतर ३ मिनिटं आभार. 'सगळ्यासाठी धन्यवाद' याने काही साधत नाही. ज्या बाबतीत चिंता आहे, त्याच बाबतीतल्या तीन गोष्टी शोधायच्या. हप्त्याची चिंता असेल, तर १४,००० तरी आहेत, गेल्या पावसाळ्यातही असाच खड्डा पडला होता आणि भरला, आकडा सांगितल्यावर नवरा चिडला नाही. वचनात आभार मागणीच्या सोबत येतात, उत्तर मिळाल्यानंतर येत नाहीत. चिंता पुढे काय होईल तेच दाखवते, आभार मागे काय झालं ते आठवून देतात. हा भाग गाळला की प्रार्थनेनंतरही छातीवर दडपण राहतं. सर्वांत जास्त वेळा गाळला जातो तोही हाच.

शेवटची ४ मिनिटं मागणीची. ती स्पष्ट हवी: 'बँकेतल्या साहेबांनी १० तारखेपर्यंत मुदत द्यावी.' पुष्कळ भाविक लोक इथे घाबरतात आणि थेट 'तुझी इच्छा पूर्ण होवो' यावर उडी मारतात. गेथशेमाने बागेत प्रभूने आधी 'हा प्याला माझ्यापासून दूर कर' असं, म्हणजे येणारं दुःख टळावं असं, सरळ मागितलं, आणि मग पित्याच्या इच्छेच्या स्वाधीन झाला. मागणं आणि स्वाधीन होणं हा क्रम त्याने राखला, आपणही राखावा. दोन-तीन मागण्या पुरेत. त्या सांगून झाल्या की आमेन म्हणायचं, मिनिटभर तळहात उघडे ठेवून शांत बसायचं आणि उठून उजवीकडचं पहिलं काम करायचं.

एक गोष्ट इथे स्वच्छ सांगायला हवी. याच पत्रातल्या पुढच्या वचनात (४:७) मागणी मान्य होईल असं म्हटलेलं नाही. देवाची शांती तुमची अंतःकरणं आणि विचार राखील, असं म्हटलं आहे. 'राखणे' हा मूळचा शिपायाच्या पहाऱ्याचा शब्द आहे. पौल हे लिहीत होता तेव्हा स्वतः बंदीत होता आणि आपण जगणार की मरणार हे त्याला माहीत नव्हतं. हप्ता तसाच असेल, रिपोर्ट यायचा तसाच येईल, पण दारावर पहारा असेल. हे वचन ज्यांनी हवं ते मिळवायची किल्ली म्हणून वापरलं, त्यांच्या हाती निराशा आली, आणि दोष त्यांनी स्वतःच्या विश्वासाला दिला.

वेळ ठरवून ठेवा

ही १५ मिनिटं रोज एकाच वेळी आणि एकाच जागी हवीत. संध्याकाळी दिवेलागणीची वेळ चांगली: दिवसभराच्या चिंता साठलेल्या असतात आणि झोपेला अजून अवकाश असतो. चिंतेसाठी ठरावीक वेळ राखून ठेवणं ही पद्धत मानसोपचारातही वापरतात. सकाळी दहाला ऑफिसात धास्ती उठली, तर वहीत एक ओळ टिपायची आणि तिला सांगायचं, 'सातला बघू.' पहिल्या आठवड्यात ती ऐकत नाही. दिवसात वीसदा सांगावं लागलं, तरी पद्धत फसली असं समजू नका.

आणि फक्त आजचंच घ्यायचं. रानात इस्राएलांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं रोजचं अन्न, मिळे तो माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं एक माप. कुणी उद्यासाठी साठवला, तर सकाळी त्यात किडे पडून घाण सुटे (निर्गम १६). पुढच्या पाच वर्षांचं बळ आज मागितलं तर मिळत नाही, कारण ते आज खायचंच नसतं. मराठी शास्त्रात 'रोजची भाकर' असं आहे. सकाळची मऊ भाकरी दुसऱ्या दिवशी कशी होते, हे आपल्या घरांत वेगळं सांगायला नको.

मधेच धस्स झालं तर

मुलगी क्लासहून अजून आली नाही, फोन उचलत नाही. इथे १५ मिनिटांची बैठक उपयोगाची नाही. दोन्ही पाय जमिनीला टेकवा. श्वास घेताना मनात म्हणा, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे'. सोडताना म्हणा, 'मला काही उणे पडणार नाही'. घेणं चार मोजेपर्यंत, सोडणं सहा मोजेपर्यंत. असे दहा श्वास घ्यायला साधारण पावणेदोन मिनिटं लागतात. सोडायचा श्वास लांबवला की धडधड उतरू लागते, हा शरीराचा धर्म आहे आणि शरीरही त्यानेच घडवलेलं आहे. त्यानंतर मैत्रिणीच्या घरी फोन करा. दहा श्वासांआधी केलेला फोन आणि नंतर केलेला फोन, यांत आवाजाचा फरक समोरच्यालाही कळतो.

कॅथलिक घरांत जपमाळ असते. हाताला मणी आणि तोंडाला ठरलेले शब्द असले, की स्वतःचे शब्द सुचत नाहीत तेव्हाही प्रार्थना चालू राहते. पाच दशकांना (एक दशक म्हणजे दहा मण्यांचा गट) वीसेक मिनिटं लागतात. जमत नसेल तर एकच दशक म्हणा.

रात्री तीन वाजता

त्या वेळी कुठलीही अडचण दुप्पट दिसते, तेव्हा निर्णय घ्यायचा नाही, हिशेब करायचा नाही आणि फोन हातात घ्यायचा नाही. वही उशाशी ठेवा, एक ओळ लिहा, मिटा. मग स्तोत्र १२१ आठवत जा. आठच वचनं आहेत, महिन्याभरात पाठ होतात. आपला राखणदार डुलकीही घेत नाही, असं त्यात आहे. तो जागा आहे, तर घरात दुसऱ्या कुणी जागं राहायची गरज उरत नाही. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही, तर अंथरुणातून उठून मंद उजेडात बसा, पाणी प्या, आणि झोप आली की परत या. पडून तळमळत राहिलं, की अंथरुणाचीच धास्ती बसते.

कुठे चुकतं

कालच चिंता टाकली आणि आज पुन्हा उचलली, म्हणजे आपण नापास झालो, असं अनेकांना वाटतं. प्रभूने गेथशेमानेत तीन वेळा तेच शब्द बोलून प्रार्थना केली (मत्तय २६:४४). पुन्हा टाका. डोंगरावरच्या प्रवचनात (मत्तय ६:७) ज्या बडबडीला त्याने नको म्हटलं, ती पुष्कळ शब्दांनी देवाला वळवता येईल अशा समजुतीची होती.

दुसरी चूक सौद्याची. 'हे झालं तर चाळीस दिवस उपास करीन.' नवसाची सवय आपल्या मातीत खोल आहे आणि ती ख्रिस्ती प्रार्थनेतही नकळत शिरते. पित्याजवळ काही गहाण ठेवून मागायचं नसतं. उपास करायचा तर प्रार्थनेला वेळ मिळावा म्हणून करा, आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

तिसरी, शास्त्र कुठेही उघडून बोट ठेवणं. नवीन वर्षाच्या उपासनेत काढलेली अभिवचनाची चिठ्ठी वर्षभर जपणं गोड आहे, पण नोकरी सोडायची की नाही हे चिठ्ठीवर ठरवू नका. चिठ्ठीतलं वचन त्याच्या अख्ख्या अध्यायात वाचलं, की बहुधा ते वेगळंच काही सांगत असतं.

आणि चौथी, व्हॉट्सॲपचा गट. 'तातडीची प्रार्थना' म्हणून टाकलेला रिपोर्ट तासाभरात चार गटांत फिरतो. मग पंचवीस जण फोन करून विचारतात आणि चिंता पंचवीस वेळा सांगावी लागते. त्यापेक्षा एकच माणूस निवडा: पाळक, फादर किंवा मंडळीतली एखादी पोक्त बाई, जिच्या पोटात गोष्ट राहते. त्यांना विषय सांगा आणि मुदतही सांगा: 'बुधवारी रिपोर्ट आहे, तोवर रोज प्रार्थना करा.' शक्य असेल तर समोरासमोर बसून एकत्र करा. दुसऱ्याच्या तोंडून आपलं नाव देवापुढे घेतलेलं ऐकणं, याची सर कुठल्याही मेसेजला नाही.

शरीर आणि डॉक्टर

संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली 'आता पुरे, माझा जीव घे' म्हणत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं (१ राजे १९). देव बोलला ते त्यानंतर. म्हणून चिंता वाढली की आधी पाहा: दिवसात चहा किती वेळा होतो, रात्रीची झोप किती, दुपारचं जेवण झालं का. थायरॉइड वाढलेलं असलं तरी छातीत धडधड आणि हाताला थरथर होते, ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

सहा महिने बहुतेक दिवस चिंता सुटतच नसेल, झोप आणि काम बिघडलं असेल, अचानक जीव घाबरून घाम फुटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जा. जगणं नको वाटत असेल, तर आजच्या आज घरच्यांना सांगा आणि सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं. गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला, असं कुणी सांगितलं, तर ते ऐकू नका. प्रार्थनासभेत कुणी हात ठेवला म्हणून रक्तदाबाची, फिटची किंवा मानसिक आजाराची गोळी बंद करणं जिवावर बेतू शकतं. बंद करायची की नाही ते डॉक्टरच ठरवतील. उजव्या रकान्यात 'डॉक्टरांची अपॉइंटमेंट' ही ओळ घालणं, ही काळजी घेणंच आहे.

रविवारी वही उघडा

उपासनेहून किंवा मिस्साहून घरी आल्यावर दहा मिनिटं वही चाळा. डावीकडच्या ज्या गोष्टी घडल्याच नाहीत, त्यांच्यापुढे तारीख घाला. महिन्याभरात अशा तारखा जमायला लागतात, आणि पुढच्या वेळी आभारांसाठी तीन गोष्टी शोधाव्या लागत नाहीत, त्या वहीतच असतात. ज्या गोष्टी घडल्या, त्यांच्यापुढे त्या दिवशी कोण मदतीला आलं ते नावानिशी लिहा. उजवीकडची जी कामं राहिली, ती पुढच्या पानावर नव्या तारखेसह उतरवा, आणि एखादं काम तीन आठवडे असंच पुढे सरकत असेल, तर त्याचे दोन लहान तुकडे करा. ज्या ओळींपुढे अजून काहीच लिहिता येत नाही, त्या कोऱ्या सोडा. संध्याकाळी सातला त्या पुन्हा वाचायच्या आहेत.